फाटलेल्या कडेचा हिशेब

सभागृहात कुणाच्या पिशवीत आजचे वर्तमानपत्र असेल, तर त्याने त्यातले एक पान काढून वरून खाली फाडून पाहावे. फाट बऱ्यापैकी सरळ उतरते. आता तेच पान आडवे फाडायला घ्यावे. चार बोटे अंतर जाते न जाते तोच फाट भलतीकडे वळते, पुन्हा सावरते, पुन्हा घसरते. कागद तोच, हात तोच, जोरही तोच. किराणा दुकानात रद्दीच्या पुड्या बांधणाऱ्यांच्या बोटांना हा फरक पक्का ठाऊक असतो. कागद तयार होताना पातळ लगदा वेगाने धावणाऱ्या जाळीवर सोडला जातो आणि त्यातले बरेचसे तंतू धावण्याच्या दिशेला झोपतात. वर्तमानपत्राच्या पानात ही दिशा उभी असते. उभी फाट तंतूंच्या मधून वाट काढते. आडव्या फाटेला मात्र तंतू ओलांडत जावे लागते.

आडव्या फाटेची कड भिंगाखाली धरली तर तिच्यावर बारीक लव उभी दिसते. लाकडाच्या लगद्यातला तंतू साधारण १ ते ३ मिलिमीटर लांब असतो आणि मिलिमीटरच्या तीन-चार शतांशांएवढा रुंद. कडेवरचे काही तंतू मधोमध तुटलेले असतात, तर बरेचसे पलीकडच्या जाळ्यातून अख्खे उपसून निघालेले असतात. जिथे तंतूंची गर्दी दाट होती तिथे कड बाहेर आलेली दिसते, जिथे विरळ होती तिथे आत गेलेली.

एका विज्ञानशिक्षकाच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानासाठी हा विषय निवडण्याचे कारण एवढेच, की याची प्रयोगशाळा प्रत्येकाच्या घरात आहे आणि तरीही त्यातले काही प्रश्न आजच्या भौतिकशास्त्राला पुरते सुटलेले नाहीत. तडा वेडावाकडा गेला म्हणून तो वाटेल तसा गेला, असे होत नाही. पावलोपावली तो ऊर्जेचा जमाखर्च मांडत पुढे सरकतो. जाड दगडात किंवा लोखंडात हा जमाखर्च आत दडून राहतो. पातळ वस्तूत तो कडेवर उघडा दिसतो.

या जमाखर्चाची सुरुवात जहाजांपासून झाली. १९१३ मध्ये केंब्रिजचे अभियंते चार्ल्स इंग्लिस यांनी जहाजबांधणी करणाऱ्यांपुढे एक गणित मांडले. ओढल्या जाणाऱ्या पत्र्याला छिद्र असेल, तर ताण सगळीकडे सारखा राहत नाही. पुलाच्या खांबाला वळसा घालताना नदीचा प्रवाह दाटतो, तसा तो छिद्राच्या काठाशी दाटतो. छिद्र गोल असेल तर काठावरचा ताण तिप्पट होतो. ओढीला आडवे असलेले लंबगोल छिद्र रुंदीच्या दहापट लांब असेल, तर त्याच्या टोकाशी तो एकवीसपट होतो. इथे एक पेच उभा राहिला. तड्याचे टोक इतके अणकुचीदार असते की या हिशेबाने तिथला ताण जवळजवळ अमर्याद व्हायला हवा. म्हणजे ओरखडा उठलेली प्रत्येक काच हात लावताच फुटली पाहिजे. ती फुटत नाही.

पेच सोडवला ॲलन ग्रिफिथ यांनी, इंग्लंडमधील फार्नबरोच्या विमानसंशोधन केंद्रात. १९२१ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या निबंधातली कल्पना आजही जशीच्या तशी शिकवली जाते. तडा वाढला की भोवतालचा ताणलेला भाग सैल पडतो आणि त्यात साठलेली ऊर्जा मोकळी होते, ही जमा. दोन नवे पृष्ठभाग निर्माण करायला ऊर्जा लागते, हा खर्च. जमा तड्याच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, खर्च नुसत्या लांबीच्या प्रमाणात. म्हणून छोट्या तड्याला वाढणे परवडत नाही, आणि ठरावीक लांबी ओलांडली की त्याला थांबणे परवडत नाही. ग्रिफिथ यांनी काच वितळवून तिचे धागे ओढले आणि ते तोडून पाहिले. सुमारे १ मिलिमीटर जाडीच्या धाग्यापेक्षा ३ मायक्रोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या तीन सहस्रांशांएवढा, धागा तेवढ्याच छेदामागे जवळजवळ वीसपट भार पेलत होता. धागा जितका बारीक, तितकी त्यात मोठ्या खोटीला जागा कमी.

याच फार्नबरोत १९५४ मध्ये ‘कॉमेट’ या प्रवासी जेट विमानाचा सांगाडा पाण्याच्या टाकीत बुडवून त्यात पुन्हा पुन्हा दाब भरला आणि सोडला गेला. त्या वर्षी जानेवारीत आणि एप्रिलमध्ये दोन कॉमेट विमाने इटलीजवळ भूमध्य समुद्रावर आकाशातच फुटली होती. टाकीतल्या सांगाड्याचा पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा शेवटी उकलला, तो झरोक्याच्या कोपऱ्यापाशी. इंग्लिस यांच्या गणिताने जिथे बोट ठेवले असते, नेमका तिथेच.

ग्रिफिथ यांचा हिशेब तडा पुढे कधी जाईल ते सांगतो, कुठे वळेल ते सांगत नाही. त्यासाठीचा नियम रशियन शास्त्रज्ञ गोल्डस्टाइन आणि साल्गानिक यांनी १९७४ मध्ये मांडला: तड्याचे टोक अशा दिशेला वळते की त्याचे दोन्ही ओठ समोरासमोर उघडावेत, एकमेकांवर घासत सरकू नयेत. सरळ ओढलेल्या एकजिनसी पत्र्यात या नियमाने तडा सरळच जायला हवा. तो वाकडा का जातो, याची निदान तीन वेगवेगळी कारणे आहेत, आणि त्यातले सर्वांत देखणे कारण वस्तूच्या पातळपणात आहे.

पातळ पापुद्रा ताणणे महाग पडते, वाकवणे स्वस्त. ताणण्याची ऊर्जा जाडीच्या प्रमाणात बदलते, तर वाकवण्याची जाडीच्या घनाच्या प्रमाणात. जाडी निम्मी केली की ताणण्याचा खर्च निम्म्यावर येतो आणि वाकवण्याचा थेट एक-अष्टमांशावर. त्यामुळे पापुद्र्याला संधी मिळेल तिथे तो ताण टाळतो आणि वाकून मोकळा होतो. तड्याच्या दोन्ही ओठांना ही संधी सतत मिळत असते.

चिकटपट्टीचे रीळ हे याचे उत्तम उदाहरण. नखाने टोक उकरून ओढू लागावे, तर पट्टी दोन्ही बाजूंनी चिरत निमुळती होते आणि हातात त्रिकोणी तुकडा येतो. भिंतीवरचा जुना वॉलपेपर ओढला तरी हेच. सर्वांना चीड आणणारी ही गोष्ट फ्रान्स, चिली आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मनावर घेतली. युजेनियो हॅम, पेद्रो रेइस, बेनुआ रोमाँ, एन्रिके सेर्दा आणि त्यांचे सहकारी यांचा निबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. उलगडा असा: सोलल्या जाणाऱ्या पट्टीला जिथे घडी पडते, तिथे वाकण्याची ऊर्जा साठलेली असते. पट्टी जितकी रुंद, तितकी घडी लांब आणि तितकी ऊर्जा जास्त. दोन्ही बाजूंचे तडे थोडेथोडे आत सरकले की घडी अरुंद होते आणि ऊर्जा वाचते. म्हणून ते आत सरकतात आणि शेवटी एकमेकांना भेटतात. त्रिकोणाचा कोन तीन गोष्टींवर ठरतो: पट्टी वाकायला किती ताठ आहे, फाटायला किती चिवट आहे आणि खाली किती घट्ट चिकटली आहे. यातल्या दोन ठाऊक असल्या, तर कोन मोजून तिसरी काढता येते. फाटलेला तुकडाच मोजमापाचे साधन होतो, आणि या शोधातली ही बाब सर्वांत मोलाची वाटते.

दुसरा प्रयोग याहूनही सोपा आहे. बिस्किटांच्या किंवा अगरबत्तीच्या पुड्यावर करकर वाजणारा जो पारदर्शक कागद असतो, तसला पॉलिप्रॉपिलिनचा पापुद्रा चौकटीवर ताणून बसवायचा. त्याला छोटी चीर देऊन तिच्यात बोथट वस्तू, समजा पेन्सिल, उभी घालायची आणि ती सरळ रेषेत ओढायची. पेन्सिल सरळ जाते. तडा मात्र नागमोडी जातो, आणि तीही इतकी नियमित नागमोड की छापील वेलबुट्टी वाटावी. अनिमांग्शु घटक आणि लक्ष्मीनारायणन महादेवन यांनी २००३ मध्ये, आणि बासिल ओदोली, रेइस व रोमाँ यांनी २००५ मध्ये याचा अभ्यास मांडला. पेन्सिल तड्याच्या एका ओठाला ढकलते, तो ओठ पापुद्र्याच्या पातळीतून बाहेर वाकतो आणि तडा त्या बाजूला ओढला जातो. वाकता वाकता तो इतका लांब जातो की आता वाकणे परवडत नाही. तेवढ्यात पेन्सिल दुसऱ्या ओठाला टेकते आणि तडा झटकन उलटा फिरतो. पेन्सिल जाड घेतली की नागमोड त्याच प्रमाणात मोठी होते. ओढण्याचा वेग बदलला तरी आकारात फरक पडत नाही. फाटण्यासारख्या दांडगाईच्या घटनेत भूमिती एवढी हुकूमत गाजवते, हे त्या पापुद्र्याकडे पाहिल्याशिवाय खरे वाटत नाही.

कधीकधी तडा सरळ जातो आणि खडबडीतपणा मागे राहिलेल्या कडेला येतो. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, ताणत ताणत सावकाश फाडावी. पॉलिथिन फाटण्यापूर्वी ताणले जाते आणि परत मूळ लांबीवर येत नाही. कडेजवळचा भाग कायमचा लांब होतो, आतला आहे तेवढाच राहतो. जास्तीची लांबी सामावण्यासाठी कडेला झालर पडते. त्या झालरीच्या चुण्यांवर आणखी बारीक चुण्या, त्यांवर आणखी बारीक. टेक्सास विद्यापीठात एरान शरॉन, मायकल मार्डर, हॅरी स्विनी आणि सहकाऱ्यांनी कचऱ्याच्या पिशव्यांसारखे पॉलिथिन फाडून अशा चुण्यांच्या सहापर्यंत पिढ्या मोजल्या. हे काम २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी वांग्याच्या सपाट पानाच्या कडेला ऑक्सिन हे वाढीचे संप्रेरक लावले. कड आतल्या भागापेक्षा वेगाने वाढली आणि सपाट पान झालरीचे झाले. पानाची झालर आणि फाटक्या पिशवीची झालर एकाच भूमितीने पडते, हे त्यांचे म्हणणे इतक्या साध्या प्रयोगाने पटण्याजोगे झाले.

पातळ काचेतही तडा वाकडा जातो. ती गोष्ट मात्र जपानमध्ये सुरू होते, आणि तिच्यात एक विलक्षण माणूस भेटतो. तोराहिको तेरादा (१८७८–१९३५) हे तोक्यो विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ आणि जपानीतले नामवंत ललितनिबंधकार. कादंबरीकार नात्सुमे सोसेकी यांचे शिष्य. शाकुहाची या बांबूच्या बासरीच्या नादशास्त्रावर त्यांनी प्रबंध लिहिला, क्ष-किरणांवर काम केले, आणि मग त्या काळच्या भौतिकशास्त्राला क्षुल्लक वाटणाऱ्या आकारांकडे वळले: कोनपेइतो नावाच्या साखरेच्या मिठाईला शिंगे का फुटतात, ठिणगीला फांद्या का येतात, काचेला तडे कसे जातात. त्यांच्या परंपरेतल्या हिराता यांनी १९३१ मध्ये तापलेली काच हळूहळू पाण्यात उतरवून तिच्यात लाटेसारखा तडा उमटवला. साठ वर्षे या कामाकडे जगाचे फारसे लक्ष गेले नाही. १९९३ मध्ये जपानच्याच युसे आणि सानो यांनी ‘नेचर’ नियतकालिकात तोच प्रयोग काटेकोर करून मांडला. पातळ काचपट्टी भट्टीतून ठरावीक वेगाने थंड पाण्यात उतरवायची. वेग कमी असेल तर तडा सरळ. वेग वाढवत नेला की एका टप्प्यावर सरळ तडा डोलू लागतो आणि सुबक लाट उमटते. आणखी वेग दिला की लाट बिघडते, तड्याला फाटे फुटतात. इथे हातोडा नाही, धक्का नाही. गरम आणि थंड भागांच्या आकुंचनातल्या फरकाने काच स्वतःच स्वतःला चिरते. तेरादांची दृष्टी किती लांबची होती, हे त्यांच्या मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी दिसले, आणि क्षुल्लक म्हणून बाजूला सारलेल्या प्रश्नांबद्दल आजच्या विद्यापीठांनी हे जरूर आठवावे.

तडा सरळ न जाण्याचे दुसरे कारण वेग. तड्याला पृष्ठभागावर धावणाऱ्या ध्वनिलहरीच्या वेगापेक्षा जोरात उघडत जाता येत नाही, असे सिद्धान्त सांगतो. प्रत्यक्षात तो त्या मर्यादेच्या बराच अलीकडे अस्थिर होतो. १९९१ मध्ये फाइनबर्ग, ग्रॉस, मार्डर आणि स्विनी यांनी ॲक्रिलिकमध्ये दाखवले, की मर्यादेच्या सुमारे ३६ टक्के वेगाला तडा थरथरू लागतो आणि आरशासारखी गुळगुळीत कड खरबरीत होते. तोवर ऊर्जा एका तड्यात मावत होती. आता ती बारीक उपशाखा काढून खर्ची पडते.

तिसरे कारण सर्वांत अवघड: वस्तूच्या आतली विषमता. इथे पुन्हा कागदाकडे यावे लागते.

१९८४ मध्ये बेन्वा मँडेलब्रॉट आणि दोन सहकाऱ्यांनी पोलादाचे तुटलेले पृष्ठभाग तपासून सांगितले, की त्यांचा उंचसखलपणा कोणत्याही एका मापाचा नसतो; जवळून पाहावे तर लहान उंचवटे, दूरून पाहावे तर मोठे, आणि दोहोंत एक ठरीव नाते. १९९० मध्ये एलिझाबेथ बुशो यांच्या फ्रेंच गटाने ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूवर मोजमापे करून एक धाडसी प्रश्न विचारला: हे नाते सर्व पदार्थांत एकच तर नाही? धातू, काच, खडक असे वेगवेगळे पदार्थ मोजले जाऊ लागले आणि या नात्याचा ०.८ च्या आसपासचा घातांक वारंवार दिसू लागला. पुढे कळले की चित्र इतके सरळ नाही. तडा ज्या दिशेने गेला ती आणि तिच्या आडवी दिशा यांचे आकडे वेगळे येतात, आणि वालुकाश्म तर आणखीच निराळा वागतो. पण प्रश्न चांगला होता आणि त्याने एक पिढी कामाला लावली.

कागद इथे उपयोगी पडतो, कारण त्यात तडा ही नुसती रेषा असते. १९९३ मध्ये केर्तेस आणि सहकाऱ्यांनी फाटलेल्या कागदाच्या कडा मोजल्या. पुढे फिनलंडमध्ये, जिथे कागद हा मोठा उद्योग आहे, अलावा आणि निस्कानेन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी कारखान्यातल्या लांबच लांब फाटींचे विश्लेषण केले. घातांक साधारण ०.६ ते ०.७ च्या दरम्यान आला. म्हणजे काय, ते आकड्यांत पाहावे. घातांक दोन-तृतीयांश धरला, तर फाटेची लांबी आठपट केल्यावर तिचे भरकटणे चौपट होते. फाट प्रत्येक पावलाला नाणे उडवून डावी-उजवी वळली असती, तर तेच भरकटणे पावणेतीनपटीच्या आसपास राहिले असते. फाट नाणेफेकीपेक्षा जास्त भरकटते, कारण तिला कमजोर जागा हुडकायच्या असतात आणि त्यासाठी ती लांबचा वळसा पत्करते.

आता मुख्य अडचण. विषम माध्यमातून कमीत कमी खर्चाची वाट शोधा, असा प्रश्न गणितात सुटलेला आहे आणि त्याचे उत्तर नेमके दोन-तृतीयांश येते. पण त्या गणिताला सगळा नकाशा आधीच हाती असतो. तड्याला तसा नकाशा मिळत नाही. पुढे दहा सेंटिमीटरवर कागद विरळ आहे की दाट, हे त्याच्या टोकाला कळण्याचा मार्ग नाही. त्याला कळतो तो फक्त तिथल्या तिथला ताण. मग स्थानिक हिशेब करणारा तडा सर्वज्ञ हिशेबाच्या इतक्या जवळ कसा पोचतो? काहींच्या मते तड्यापुढे आधीच तुटू लागलेले तंतू त्याला वाट दाखवतात; काहींना ही जवळीक योगायोगाची वाटते. वाद मिटलेला नाही. या संपूर्ण विषयातला सर्वांत खोल प्रश्न रद्दीच्या कागदात आहे, असे ठामपणे म्हणावेसे वाटते.

कागद फाटताना आवाज करतो तोही या तपासात साक्षीला येतो. कान देऊन ऐकले तर तो सलग नसतो. बारीक तडतडींचा बनलेला असतो. संवेदक लावून प्रत्येक तडतडीची ऊर्जा मोजली, की लहान पुष्कळ, मध्यम थोड्या, मोठ्या विरळा, असे तेच प्रमाण दिसते जे भूकंपांच्या नोंदींत दिसते. फाट एका दमात न जाता अडत अडत, उड्या घेत जाते.

जमिनीच्या भेगांचा उल्लेख महाराष्ट्रात टाळता येत नाही. काळी माती वाळताना आकसते, पण तिचा खालचा थर तिला आकसू देत नाही. ताण वाढतो आणि भेगा पडतात. वाळणारा थर पातळ असेल तर भेगा जवळजवळ पडतात, जाड असेल तर दूरदूर. पहिल्यांदाच वाळलेल्या चिखलात नवी भेग जुन्या भेगेला काटकोनात मिळून थांबते, त्यामुळे कोणती आधीची आणि कोणती नंतरची हे ओळखता येते. गोळी लागलेल्या खिडकीच्या काचेवर कोणती गोळी आधी लागली, हे न्यायवैद्यक तपासनीस याच तत्त्वाने सांगतात. चिखल पुन्हा पुन्हा भिजून वाळत राहिला, तर मात्र काटकोन हळूहळू १२० अंशांकडे सरकतात आणि षट्कोनी जाळी तयार होऊ लागते. लुकास गोरिंग आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हे प्रयोगाने दाखवले. वाळणाऱ्या थरांच्या भेगांवर कोलकात्यात सुजाता तरफदार आणि तपती दत्ता यांनीही बरेच काम केले आहे, आणि २०१५ मध्ये या विषयावर निघालेल्या आंतरराष्ट्रीय ग्रंथाच्या लेखकांत त्या दोघी आहेत.

पातळपणाची शेवटची पायरी एका अणूच्या जाडीची. ग्राफीन हा कार्बन अणूंचा एकेरी थर आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव्ह यांनी मँचेस्टरमध्ये, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात, वेगळा केला तो चिकटपट्टीनेच. चिकटलेल्या पृष्ठभागावरून ग्राफीन फाडले की त्याच्याही पट्ट्या निमुळत्या होतात. हॅम आणि मंडळींनी मांडलेला हिशेब इतक्या खालीही बऱ्याच अंशी चालतो. २०१४ मध्ये अमेरिकेत ग्राफीनमध्ये मुद्दाम चीर पाडून ते ओढून तोडण्यात आले. ग्रिफिथ यांचे १९२१ चे समीकरण खरे ठरले, आणि इतके मजबूत म्हणून नावाजलेले ग्राफीन चीर पडल्यावर काचेसारखे ठिसूळ निघाले.

मग २०२१ मध्ये सिंगापूर आणि ह्यूस्टन येथील संशोधकांनी ग्राफीनचे भावंड तपासले: षट्कोनी बोरॉन नायट्राइड. तीच जाळी, पण अणू आलटून पालटून बोरॉन आणि नायट्रोजनचे. ग्राफीनसारखेच ठिसूळ असेल, अशी सर्वांची अटकळ होती. प्रत्यक्षात तडा पुढे न्यायला ग्रिफिथ यांच्या हिशेबापेक्षा दहापटीपर्यंत ऊर्जा लागली. तड्याच्या एका ओठावर बोरॉन उघडे पडते, दुसऱ्यावर नायट्रोजन. दोन्ही कडांवरचा ताण सारखा नसतो, त्यामुळे टोक सरळ न जाता वळते, त्याला फाटे फुटतात आणि प्रत्येक वळणावर जास्तीची ऊर्जा भरावी लागते. ग्राफीनमधला तडा सरळ पळतो, कारण त्याचे दोन्ही ओठ सारखे असतात.